आधी थांबणं, मग पोहणं

पोहता येतं का, असं कुणी विचारलं की आपण उत्तर अंतरात देतो. तलावाच्या चार लांब्या, विहिरीचे दहा फेरे, नदीच्या या काठावरून त्या काठाला. उन्हाळी शिबिराच्या शेवटी मुलाच्या हातात प्रमाणपत्र पडतं तेही बहुधा त्यानं किती मीटर कापले यावरूनच. शर्यतीसाठी हे माप योग्य आहे. जीव वाचवण्यासाठी ते अपुरं पडतं, कारण खोल पाण्यात अचानक सापडलेल्या माणसापुढे कुठं जायचं हा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो पुढच्या श्वासाचा. पायाखाली ठाव नाही, नाकातोंडात पाणी गेलेलं, काठ नेमका कुठल्या बाजूला हेही कळत नाही. अशा वेळी जो आहे त्या जागीच तोंड पाण्याबाहेर ठेवून मिनिटभर शांत राहू शकतो, त्यालाच पुढं पोहण्याची, हाक मारण्याची किंवा फेकलेली दोरी धरण्याची संधी मिळते. खोल पाण्यात एका जागी उभं राहणं हे आपल्याकडे पोहण्यातलं शेवटचं, जमलं तर जमलं असं कौशल्य समजलं जातं. ते पहिलं असायला हवं आणि पोहता येतं की नाही याची कसोटीही तेच असायला हवं, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे.

हा वाद केवळ शिकवण्याच्या पद्धतीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षांत बुडून मेलेल्यांची संख्या ३५,००० च्या वर होती आणि सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्र होता. हे मृत्यू निळ्या फरशीच्या, दोऱ्यांनी आखलेल्या तलावात क्वचितच होतात. ते विहिरीत होतात, शेततळ्यात होतात, पावसानं भरलेल्या दगडखाणीत, धरणाच्या फुगवट्यात, वाळूउपशानं खड्डे पडलेल्या नदीपात्रात होतात. या सगळ्या जागांचा एक समान गुण आहे: खोली अचानक सुरू होते. कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्याचं पुढचं पाऊल ठाव नसलेल्या खड्ड्यात पडतं. काठ दोन हातांवर असतो, पण त्या दोन हातांचं अंतर कापण्याआधीच माणूस श्वास हरवून बसतो.

असं का होतं, हे समजायला थोडा हिशेब लागतो. साठ किलो वजनाचा माणूस घेऊ. त्यानं छाती भरून श्वास घेतला की त्याच्या शरीराची घनता गोड्या पाण्याहून किंचित कमी होते. ढोबळमानानं शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पाण्याखाली राहतात आणि दोन-तीन भाग वर. साठ किलोच्या शरीरात हे वरचे भाग म्हणजे दीड लिटरच्या आसपास. आता माणसाच्या डोक्याचं आकारमान चार ते पाच लिटर असतं. म्हणजे उभ्या अवस्थेत अख्खं डोकं बाहेर काढायचं, तर सुमारे तीन किलोंचा भार पाणी पेलत नाही, तो आपल्याला हातापायांनी पेलावा लागतो. उलट, मान मागं टाकून कान पाण्यात जाऊ दिले तर फक्त नाक, तोंड आणि डोळे वर राहतात, आणि तेवढं त्या दीड लिटरच्या हिशेबात बसतं. श्वासाचा वाटाही मोठा आहे. पूर्ण श्वास सोडला की छातीतली तीन-चार लिटर हवा निघून जाते आणि क्षणापूर्वी तरंगणारा तोच माणूस पाण्याहून जड होतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्यानं तिथं याच माणसाला दीडेक किलोचा जादा आधार मिळतो. विहिरीत आणि धरणात तो मिळत नाही.

घाबरलेला माणूस याच हिशेबाच्या बरोबर उलट वागतो. तो हात वर करतो. एका हाताचं वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे आपल्या साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. डोक्याचे तीन आणि दोन हातांचे सहा मिळून नऊ किलोंचा भार होतो, आणि तो पेलायला हात उरलेले नसतात. तो ओरडतो, म्हणजे ज्या हवेवर तरंगतो तीच सोडून देतो. मग तोंड पाण्याखाली जातं, पाणी आत येतं, आणि त्यानंतर ओरडणंही बंद होतं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम करणाऱ्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून बारकाईनं निरीक्षण केलं आणि १९७४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पोहता न येणारा माणूस बुडताना हात हलवून मदत मागत नाही, कारण त्याला ते शक्यच नसतं. तो पाण्यात सरळ उभा असतो, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतो, पाय मात्र कामाला येत नाहीत, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, आणि वीस ते साठ सेकंदांत सगळं शांत होतं. बुडणं एवढं निःशब्द असतं म्हणूनच शेजारी उभ्या असलेल्यांनाही ते कळत नाही. या निरीक्षणात एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बुडणारा माणूस पाण्यात उभं राहण्याचाच प्रयत्न करत असतो. ते कसं करायचं, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

मग ते करायचं कसं? तीन किलोंचा भार सतत पेलायचा आहे, तोही दमछाक न होता. हातांनी पाणी खाली दाबलं तर शरीर वर येतं खरं, पण दाबून झाल्यावर हात पुन्हा वर आणावे लागतात आणि तेव्हा तेच पाणी आपल्याला खाली ढकलतं. म्हणून जाणता पोहणारा हात वर-खाली नेतच नाही. कोपरं किंचित वाकवून, छातीच्या पुढं, पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर तो तळवे आडवे फिरवतो: बाहेर नेताना करंगळीकडची कड जरा वर, आत आणताना अंगठ्याकडची कड जरा वर. अंगण सारवताना तळवा जसा डावी-उजवीकडे न उचलता फिरत राहतो, तशीच ही चाल. तळवा तिरका असल्यानं जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पाणी खाली लोटलं जातं आणि शरीराला वरचा रेटा मिळत राहतो. परतीचा फुकट जाणारा फेरा यात उरतच नाही. प्रशिक्षक याला स्कलिंग म्हणतात. एकट्या या हालचालीवर शांत माणूस थोडा मागं रेलून बराच वेळ तोंड बाहेर ठेवू शकतो, आणि पाय कशात अडकले असतील किंवा पेटका आला असेल तेव्हा हीच हालचाल उपयोगी पडते.

पायांची गोष्ट थोडी वेगळी. नवशिका खोल पाण्यात आपोआप सायकल मारल्यासारखे किंवा पळाल्यासारखे पाय हलवतो. त्यात बरंचसं बळ पाणी पुढं-मागं ढकलण्यात जातं, खाली फार थोडं. ब्रेस्टस्ट्रोकमधली पायांची मार याहून कितीतरी उपयोगी आहे. गुडघे वाकवून टाचा कुल्ल्यांकडे आणायच्या, पावलं बाहेरच्या बाजूला वळवायची आणि पोटरीच्या आतल्या बाजूनं व तळपायानं पाणी गोलाकार खाली-आत लोटायचं. दोन्ही पाय एकदम मारले तर शरीर वर-खाली हिंदकळतं, पण मधे क्षणभर विश्रांती मिळते. हेच पाय आळीपाळीनं फिरवले, एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आणि दुसरा उलट, तर रेटा कधीच तुटत नाही आणि डोकं एका पातळीवर स्थिर राहतं. ही एगबीटर किक. वॉटरपोलोचे खेळाडू तळाला पाय न टेकता हिच्या जोरावर अख्खा सामना खेळतात आणि छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळून चेंडू मारतात. सर्वसामान्य माणसाला एवढं कौशल्य लागत नाही. त्याला एक नियम कळला तरी पुरे: घेर मोठा, वेग कमी. यामागंही भौतिकशास्त्र आहे. पाण्याला दिलेला रेटा वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतो, तर खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर. दुप्पट पाणी निम्म्या वेगानं लोटलं तर रेटा तेवढाच मिळतो आणि ऊर्जा निम्मी लागते. छोटे, वेगवान, घाबरे फटके माणसाला दमवतात. रुंद आणि सावकाश फेरे त्याला टिकवतात.

इथं एक रास्त शंका येते. मान मागं टाकून उताणं तरंगणं जर जवळजवळ फुकटात होतं, तर तीन किलोंचा भार उचलत उभं राहायचं कशाला? फ्रेड लानू या अमेरिकन प्रशिक्षकानं हाच विचार टोकापर्यंत नेला. अटलांटातल्या जॉर्जिया टेक या संस्थेत त्यानं १९४० पासून विद्यार्थ्यांना अशी पद्धत शिकवली की माणसानं चेहरा पाण्यात ठेवून सैल लोंबकळावं आणि फक्त श्वासापुरतं डोकं वर काढावं. हातपाय बांधलेल्या अवस्थेतही विद्यार्थी अशा रीतीनं तग धरत, आणि तिथं हा अभ्यासक्रम १९८० च्या दशकापर्यंत चालला. माणूस पाण्यावर किती कमी कष्टात राहू शकतो, हे लानूनं निर्विवाद दाखवून दिलं. पण तोंड पाण्यात असताना दिशा दिसत नाही, दोरी दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. थंड पाण्यात तर ही पद्धत महागात पडते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले जॉन हेवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं की जीवरक्षक जाकीट घालून स्थिर राहणाऱ्याच्या तुलनेत, पाण्यात उभं राहून हातपाय मारणाऱ्याचं शरीर सुमारे ३४ टक्के अधिक वेगानं थंड होतं, तर डोकं वारंवार बुडवणाऱ्याचं सुमारे ८२ टक्के अधिक वेगानं. तेव्हा उताणं तरंगणं आणि उभं राहणं हे एकमेकांचे पर्याय मानण्याऐवजी एका जोडीचे दोन भाग मानावेत. तरंगून विसावा घ्यायचा, उभं राहून पाहायचं, हाक द्यायची, ठरवायचं, आणि दमलं की पुन्हा तरंगायचं. एका अवस्थेतून दुसरीत सहज जाता येणं हेच शिकण्यासारखं आहे.

प्रशिक्षकांचा मोठा आक्षेप वेगळाच असतो. ते म्हणतात, मुलाला फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक नीट आले की खोल पाण्यात उभं राहणं आपोआप येतं. आधी शिकवून वेळ कशाला घालवायचा? अनुभवी पोहणाऱ्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. अडचण त्या मधल्या अवस्थेतल्या मुलाची आहे, ज्याला पंचवीस मीटर जातात पण थांबता येत नाही. त्याचं पोहणं म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची धाव. शरीर आडवं असतं तोवर आणि गती असते तोवर पाणी त्याला उचलतं. मधेच कुणी आडवं आलं, नाकात पाणी गेलं, पेटका आला की गती तुटते, पाय खाली जातात, शरीर उभं होतं, आणि उभ्या शरीराचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तलावाच्या उथळ भागात ही उणीव कधी उघडी पडत नाही, कारण पाय टेकायला फरशी असते. ज्या संस्थांनी जीव वाचवणारं पोहणं म्हणजे काय याचा नीट विचार केला, त्यांनी म्हणूनच थांबण्याला निकषात जागा दिली. अमेरिकन रेड क्रॉसच्या पाच किमान कौशल्यांत डोक्यावरून पाणी जाईल तिथं उडी मारून वर येणं, मिनिटभर तरंगणं किंवा उभं राहणं, पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधणं, पंचवीस यार्ड जाणं आणि शिडीविना बाहेर निघणं हा क्रम आहे. अंतर चौथ्या क्रमांकावर येतं. नेदरलँड्समध्ये, जिथं घराबाहेर पाऊल टाकलं की कालवा लागतो, मुलांच्या पहिल्याच पदविकेत कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरणं आणि त्याच अवस्थेत जागेवर उभं राहणं असतं.

आपल्याकडच्या दोन शिकवणुकी या कसोटीवर ताडून पाहण्यासारख्या आहेत. गावाकडची पोरं विहिरीत शिकत आली: पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा, पायऱ्यांवरून उतरायचं आणि जमेल तसा आधार कमी करत न्यायचा. या पद्धतीत खोली पहिल्या दिवसापासून असते. ठाव लागणार नाही हे गृहीत धरूनच शरीर शिकतं, म्हणून विहिरीत शिकलेला माणूस सहसा थांबायलाही शिकलेला असतो. तिचा दोष भीतीत आहे. पोराला न सांगता काठावरून ढकलून देणं हा प्रकार अनेक ठिकाणी शिकवण्याचाच भाग मानला गेला. त्यात कित्येक मुलं पाण्याला कायमची दुरावली. शहरातल्या तलावात परिस्थिती उलटी आहे. तिथं धीर आहे, फळी आहे, जीवरक्षक आहे, स्वच्छ पाणी आहे. पण बहुतेक शिकवणं साडेतीन-चार फुटांत होतं आणि खोल भाग हा शेवटच्या आठवड्यातला धाक होऊन बसतो. गावानं खोली बरोबर ओळखली, शहरानं धीर. चांगली शिकवण या दोहोंना एकत्र आणेल.

ती कशी असेल, हे सांगणं अवघड नाही. पहिली पायरी छातीइतक्या पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे सोडण्याची, कारण पाण्यात श्वास सोडता आला की निम्मी भीती जाते. मग प्रशिक्षकाच्या हातावर मान टेकून उताणं तरंगणं: कान पाण्यात, हनुवटी वर, पोट सैल. त्याच स्थितीत तळव्यांची आडवी हालचाल. पायांची चाल आधी काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, एकेका पायानं शिकावी. पाऊल बाहेर वळतंय का, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. यानंतर लगेच खोल भाग, पण भिंतीला लागून. एका हातानं कठडा धरायचा, दुसऱ्या हातानं आणि पायांनी भार पेलायचा, मग दोन बोटांनी धरायचा, मग पाच मोजेपर्यंत सोडायचा. प्रशिक्षक हाताच्या अंतरावर पाण्यातच असला पाहिजे. पाचाचे दहा, दहाचे तीस, तीसचे साठ सेकंद होतात. मिनिटभर जमलं की सराव बदलायचा: उभं राहता राहता गोल वळणं, बोलणं, उताणं होऊन पुन्हा उभं होणं, उडी मारून वर येताच स्थिर होणं, आणि शेवटी रोजचे कपडे घालून हे सगळं करणं. बोलण्याच्या सरावाला विशेष महत्त्व आहे. जो माणूस पाण्यात उभं राहून शांतपणे आपलं नाव-गाव सांगू शकतो, त्याचा श्वास ताब्यात आहे हे निश्चित.

काही जण म्हणतात, मी तरंगतच नाही, माझं हाड जड. यात तथ्य आहे. चरबी पाण्याहून हलकी असते, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे सडपातळ, पिळदार शरीराचे पुरुष छाती भरूनही जेमतेम तरंगतात आणि त्यांचे पाय खाली जातात. अशांसाठी उभं राहण्याचं कौशल्य अधिकच गरजेचं ठरतं, कारण नुसत्या तरंगण्यावर त्यांना विसंबता येत नाही. स्त्रियांच्या शरीरात सरासरीनं चरबीचं प्रमाण अधिक असल्यानं त्यांना तरंगणं पुरुषांपेक्षा सोपं जातं. निसर्गानं दिलेली ही अनुकूलता आपण वाया घालवली आहे. घाटावर कपडे धुणं, पाणी भरणं, जनावरं धुवायला नेणं ही कामं बाईनं करायची आणि पोहायला शिकायचं मात्र पोरांनी, ही रीत आजही अनेक गावांत आहे. साडी नेसून पोहता येत नाही म्हणून बाईला शिकवून उपयोग नाही, असंही बोललं जातं. भिजलेलं कापड पाण्यात असेपर्यंत माणसाला खाली ओढत नाही, कारण त्यात शिरलेल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं. ते पायांना गुंडाळतं, हालचाल रोखतं आणि बाहेर निघताना जड होतं, हा त्याचा खरा धोका. म्हणूनच पाय अडकलेले असताना मागं रेलून केवळ हातांच्या आडव्या हालचालीवर टिकून राहायला प्रत्येक बाईनं आणि मुलीनं शिकलंच पाहिजे, तेही रोज अंगावर असतो त्या वेशात.

गंभीर आक्षेप आहे तो फाजील आत्मविश्वासाचा. पट्टीचे पोहणारेच बुडतात, ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. थोडं यायला लागलं की मुलं खोल पाण्याला भिणं सोडतील आणि जास्त मरतील, असं पालकांना वाटतं. याचं उत्तर पुराव्यानं द्यायला हवं, आणि पुरावा उपलब्ध आहे. बांगलादेशात गावातल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हजारो मुलांना २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगत राहणं आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला वाचवणं शिकवलं गेलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कार्यक्रमातल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ९३ टक्क्यांनी कमी आढळलं. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये औपचारिक शिकवणीचा संबंध ८८ टक्के कमी धोक्याशी दिसला. मोठ्या मुलांबाबत मात्र त्याच अभ्यासाला तेवढा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणजे शिकवल्यानं मुलं अधिक बुडतात या समजुतीला आधार मिळत नाही, पण शिकवणं म्हणजे अभेद्य कवच असंही कुणी समजू नये. थांबण्याच्या शिकवणीचा इथं एक जादा लाभ आहे. अंतराचं माप माणसाला आणखी दूर जायला उद्युक्त करतं. खोल पाण्यात पाच मिनिटं उभं राहून पाहणाऱ्याला आपली ताकद कुठं संपते हे स्वतःच्या दमावरून कळतं. त्यातून येणारा आत्मविश्वास मोजलेला असतो.

वाहत्या पाण्याचं काय, असंही विचारलं जातं. पुराच्या नदीत किंवा खवळलेल्या समुद्रात जागेवर उभं राहता येत नाही, हे उघड आहे. पण तिथं पोहूनही भागत नाही. किनाऱ्यापासून आत खेचून नेणारा समुद्राचा प्रवाह कधीकधी सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेग घेतो. ऑलिम्पिकमधला जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध फार काळ टिकणार नाही. म्हणून जगभरचे जीवरक्षक एकच सांगतात: प्रवाहाशी झुंजू नका, पाण्यावर राहा, हात हलवून खूण करा, प्रवाह सैल पडला की किनाऱ्याला समांतर सरकून मग आत या. नदीत उताणं होऊन पाय वाहत्या दिशेला ठेवायचे, म्हणजे दगड आधी पायांना लागतात, आणि हातांनी हळूहळू काठाकडे सरकायचं. दोन्ही ठिकाणी टिकून राहणं हाच मूळ आधार आहे. ब्रिटनमधली आरएनएलआय ही सागरी बचाव संस्थाही थंड पाण्यात पडणाऱ्यांना आधी तरंगा, श्वास सावरू द्या, मग पुढचं ठरवा असंच सांगते, कारण थंड पाण्याच्या धक्क्यानं पहिल्या मिनिटात श्वास बेताल होतो. महाराष्ट्रात पाणी इतकं थंड क्वचितच असतं, पण अचानक पडल्यावर भीतीनं श्वास तसाच सुटतो आणि इलाजही तोच लागतो.

शेवटचा आक्षेप धोरणाचा आहे: कुंपण, कठडे, जाकिटं यांनी अधिक जीव वाचतात, मग शिकवण्यावर भर कशाला? लहान मुलांच्या बाबतीत कुंपण आणि देखरेख यांना तोड नाही. बांगलादेशातल्या त्याच अभ्यासात गावच्या पाळणाघरांमुळेही लहानग्यांचे मृत्यू ८२ टक्क्यांनी कमी आढळले होते. पण कुंपण सर्वत्र पोचत नाही आणि पोचलं तिथंही टिकत नाही. आपल्या शेततळ्याचं उदाहरण घ्या. दुष्काळी भागात ‘मागेल त्याला शेततळे’ या २०१६ च्या योजनेनं आणि त्याआधीच्या प्रयत्नांनी बागा जगवल्या, यात शंका नाही. मात्र प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं हे पोहणाऱ्यालाही फसवणारं पाणी आहे. उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ, धरायला काहीच नाही. काठ हाताला लागतो, पण वर चढता येत नाही. इथं शंभर मीटर पोहता येण्याचा उपयोग शून्य. कुणी येऊन दोरी टाकेपर्यंत पाण्यावर राहता आलं तरच माणूस वाचतो. म्हणून अशा तळ्यात गाठी मारलेली दोरी किंवा टायरांची साखळी काठापासून तळापर्यंत सोडलेली असावी आणि झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून काठावर टांगलेला असावा. असा कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलोंचा आधार देतो, आणि आपला हिशेब तीन किलोंचा होता. तो फेकणाऱ्याला पाण्यात उडी घ्यावी लागत नाही; एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरे बुडतात, ती साखळीही त्यामुळे तुटते. साधन आणि कौशल्य यांत निवड करायची गरजच नाही. कॅन येईपर्यंतचं मिनिट कौशल्यानं काढायचं असतं आणि त्यानंतरची मिनिटं कॅननं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्यापासून बचावाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, ही चांगली सुरुवात आहे. आता गरज आहे ती प्रत्येक शिबिराच्या, शाळेच्या आणि तालमीच्या पातळीवर एक निकष बदलण्याची. ज्या मुलाला किंवा मुलीला आपल्या उंचीहून खोल पाण्यात, रोजच्या कपड्यांत, कशालाही न धरता दोन मिनिटं उभं राहता येतं, त्यातलं एक मिनिट बोलत घालवता येतं, उताणं होऊन विसावता येतं आणि मग दिसेल त्या काठाकडे पंचवीस मीटर जाता येतं, त्याला पोहता येतं असं म्हणावं. ज्याला शंभर मीटर जातात पण थांबता येत नाही, त्याला अजून शिकायचं आहे असं स्पष्ट सांगावं, आणि पालकांनीही प्रमाणपत्र हातात घेताना हाच प्रश्न विचारावा. या निकषासाठी नवी इमारत लागत नाही, महागडं साधन लागत नाही. तलावाचा खोल भाग, पाण्यात उतरलेला प्रशिक्षक आणि सेकंद मोजणारं घड्याळ एवढं पुरतं. बुडणाऱ्याची धडपड वीस ते साठ सेकंद चालते. दोन मिनिटांची शिकवण ही त्या सेकंदांहून मोठी आहे, आणि ती देणं आपल्या हातात आहे.